रात्रपाळीचं रोस्टर कोण बनवतं?

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
आणि देशातल्या विमान कंपन्यांचे व देखभाल-दुरुस्ती (एमआरओ) केंद्रांचे देखभाल विभागप्रमुख



विमानाच्या देखभालीत चूक झाल्याचं उघड झालं की सगळ्यात आधी सही शोधली जाते. टास्क कार्डवर शिक्का कोणाचा, रिलीज कोणी दिला, शेवटचा हात कोणाचा लागला. नाव सापडलं की त्या माणसाला कामावरून बाजूला करतात, लायसन्स निलंबित होतं, ‘संबंधितावर कारवाई केली आहे’ असं पत्रक निघतं आणि फाइल मिटते. माझी सगळी नोकरी हँगरमध्ये गेली. आता मी एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता, होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिकवतो. या मुलांपैकी कोणाचं तरी नाव उद्या अशाच एखाद्या पत्रकामागे असेल, ही भीती मला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून हे पत्र.

काम कोणी केलं ते सहीवरून कळतं. पण केलेली चूक उजाडेपर्यंत कोणाच्याच लक्षात का आली नाही, ते सहीवरून कळत नाही. त्यासाठी त्या रात्रीचं रोस्टर पाहावं लागतं, स्टोअरमधला साठा पाहावा लागतो, शिडी कुठे लावली होती आणि दिवा कुठे नव्हता ते पाहावं लागतं. या सगळ्या गोष्टी तंत्रज्ञाच्या हातात नसतात. त्या तुमच्या हातात असतात.

एक प्रकरण मी दर वर्षी वर्गात सविस्तर शिकवतो. तुम्हालाही ते ठाऊक असेलच, तरी पुन्हा सांगतो, कारण त्याचा फक्त शेवटच लोकांच्या लक्षात राहतो. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन विमान 81 प्रवासी आणि 6 कर्मचारी घेऊन बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. सुमारे 17,300 फुटांवर असताना कॅप्टनच्या समोरची काच निखळून बाहेर उडाली. कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत खिडकीबाहेर ओढले गेले. केबिन कर्मचारी नायजेल ऑग्डेन यांनी त्यांना घट्ट धरून ठेवलं आणि सहवैमानिक अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन यांनी विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले. काही महिन्यांतच लँकेस्टर पुन्हा कामावरही आले.

पण मी वर्गात सांगतो ती गोष्ट त्याच्या आदल्या पहाटेची आहे. उड्डाणाच्या 27 तास आधी ती काच बदलली गेली होती. त्या रात्री माणसं कमी होती, म्हणून शिफ्टच्या मॅनेजरनं ते काम स्वतःच अंगावर घेतलं. कित्येक आठवड्यांनंतरची त्याची ही पहिलीच रात्रपाळी. पहाटे तीन ते पाच या वेळात माणसाचं शरीर झोप मागत असतं, आणि त्याच सुमारास हे काम चाललं होतं. त्यानं जुने बोल्ट काढले, ते 7डी या मापाचे होते. खरं तर त्या काचेला 8डी लागतात. म्हणजे आधीच्या खेपेलाही कोणीतरी आखूड बोल्ट लावले होते आणि तरी विमान बिनबोभाट उडत राहिलं होतं. स्टोअरमधल्या माणसानं त्याला सांगितलंही, की या काचेला 8डी लागतात. पण त्याच्या हातात 7डी होते, आणि हातातल्या वस्तूवर माणसाचा विश्वास जास्त बसतो. त्या स्टोअरमध्ये 7डी पुरेसे नव्हते. म्हणून तो गाडी काढून विमानतळावरच्या दुसऱ्या साठ्याकडे गेला. तिथे कोणी स्टोअरकीपर नव्हता आणि उजेडही बेताचाच होता. जुना बोल्ट शेजारी धरून, हातानं चाचपून, नजरेनं जुळवून त्यानं नवे बोल्ट उचलले. पार्ट्स कॅटलॉग काही उघडला नाही.

त्या काचेला एकूण 90 बोल्ट. त्यांतले 84 निघाले 8सी, म्हणजे व्यासानं 0.66 मिलिमीटर बारीक. उरलेल्या सहांचा व्यास बरोबर होता, पण ते आखूड होते.

0.66 मिलिमीटर फरक उघड्या डोळ्यांना दिवसाउजेडीसुद्धा सहज दिसत नाही. तरीही ही चूक पकडायच्या संधी पुढेही होत्या. टॉर्क स्क्रूड्रायव्हर ठरलेल्या जोरापर्यंत पोहोचला की हाताला ‘टक्’ जाणवतं. बारीक बोल्ट नटच्या आट्यांत घसरला की तेही तसंच जाणवतं. बारीक बोल्टाचं डोकं खाचेत जरा खोल बसतं, आणि समोरून नीट पाहिलं तर ते कळतं. पण काम करायचा प्लॅटफॉर्म विमानाला असा लावलेला होता की त्याला अंग ताणून, हात लांब करून काम करावं लागत होतं. बोल्टाचं डोकं त्याच्याच हाताआड जात होतं.

इथे काचेच्या रचनेबद्दल थोडं सांगायला हवं. बहुतेक विमानांच्या काचा आतून बसवलेल्या असतात. आतल्या झाकणाच्या प्रेशर कुकरसारखं, आतला दाबच त्यांना चौकटीवर घट्ट दाबून धरतो. या विमानाची काच बाहेरून बसवलेली होती, त्यामुळे दाबाचा सगळा भार बोल्टांवर. असं असूनही काच बदलल्यावर दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तपासावं असा नियम त्या कामाला लागू नव्हता. दाबाची चाचणी घ्यावी असंही मॅन्युअलमध्ये नव्हतं. काम करणारा, देखरेख करणारा आणि सही करणारा माणूस एकच होता.

मी मुलांना विचारतो, या रात्री निर्णय किती झाले आणि त्यांतले किती त्या मॅनेजरचे? कॅटलॉग न उघडणं त्याचं. नजरेवर भरवसा ठेवणं त्याचं. पण माणसं कमी ठेवणं, ज्या साठ्यावर कोणाचं लक्ष नाही तिथून सुटे भाग उचलता येणं, हे काम एकाच माणसाच्या सहीवर सुटू देणं, यांतला एकही निर्णय त्याचा नव्हता. मुलं चटकन उत्तर देतात. माझी विनंती आहे की तुम्हीही हाच प्रश्न स्वतःला विचारावा. वर्गातल्या मुलांच्या हाती रोस्टर नसतं, तुमच्या हाती असतं.

दुसरं प्रकरण अमेरिकेतलं, आणि त्याचा शेवट असा सुखाचा नाही. सप्टेंबर 1991. ह्यूस्टनच्या हँगरमध्ये काँटिनेंटल एक्सप्रेसचं एम्ब्राएर 120 रात्री कामाला घेतलं होतं. शेपटावरच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेला बर्फ झटकणारे रबरी बूट असतात, ते बदलायचे होते. दुसऱ्या पाळीतल्या एका इन्स्पेक्टरनं मदत म्हणून वर चढून दोन्ही बाजूंचे वरचे स्क्रू काढले. पाळी बदलली. तिसऱ्या पाळीनं उजव्या बाजूचं काम पुरं केलं. डाव्या बाजूचं काम त्या रात्री घ्यायचंच नाही असं ठरलं. डावीकडचे 47 स्क्रू निघालेले आहेत ही गोष्ट एका पाळीकडून दुसऱ्या पाळीपर्यंत पोहोचलीच नाही. शेपटाचा तो पंख इतका उंच, की जमिनीवर उभं राहून ती कडा दिसत नाही. 11 तारखेला सकाळची एक फेरी नीट पार पडली. परतीच्या प्रवासात ती कडा सुटली आणि टेक्ससमधल्या ईगल लेकजवळ विमानातले चौदाच्या चौदा जण गेले.

या अपघाताच्या अहवालात एक वेगळं मत नोंदलेलं आहे. तपास मंडळाचे सदस्य जॉन लॉबर यांनी बहुमताशी असहमती दाखवली. मंजूर कार्यपद्धती पाळली जाईल असं वातावरण कंपनीत तयार करण्यात वरिष्ठ व्यवस्थापनाला अपयश आलं, हेही अपघाताचं कारण म्हणून नोंदवायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मत तेव्हा एकटं पडलं. देखभाल विभागाचा प्रमुख ज्या खोलीत बसतो तिथल्या भिंतीवर मी तेच मत लावेन.

वरून ठरलेली सोय खाली कशी भोवते याचं उदाहरण त्याच्याही आधीचं आहे. डीसी-10 विमानाचं इंजिन आणि त्याला धरणारा पायलन हे दोन्ही वेगवेगळे उतरवावेत अशी पद्धत होती. अमेरिकन एअरलाइन्समध्ये हे दोन्ही एकत्रच, फोर्कलिफ्टवर, उतरवायचं ठरलं. त्यामुळे तारा, नळ्या वगैरे सोडवण्याच्या जागा 79 वरून 27 वर आल्या आणि दर विमानामागे सुमारे 200 मनुष्य-तास वाचू लागले. त्या पद्धतीत पायलनला चीर गेली. 25 मे 1979 रोजी शिकागोत उड्डाण करतानाच डाव्या बाजूचं इंजिन पायलनसकट निखळून पडलं. 273 माणसं गेली. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यानं ही पद्धत शोधली नव्हती. त्याला ती दिली गेली होती.

पेरूच्या एअरोपेरू 603 आणि सायप्रसच्या हेलिओस 522 या उड्डाणांचं मी थोडक्यातच सांगतो. पहिल्यात ऑक्टोबर 1996 मध्ये विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली. उंची आणि वेग दाखवणारी उपकरणं रात्रीच्या समुद्रावर खोटं बोलू लागली. 70 जण गेले. शिक्षा झाली ती पट्टी लावणाऱ्या कामगाराला. दुसऱ्यात ऑगस्ट 2005 मध्ये गळतीची तपासणी झाल्यावर दाबनियंत्रणाचा खटका ‘मॅन्युअल’वरच राहिला. तो वैमानिकांच्याही लक्षात आला नाही आणि 121 जण गेले. दोन्हीकडे राहिलेलं काम काही क्षणांचं होतं.

मानवी चुकांवर ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला त्या जेम्स रीझन यांचं एक साधं उदाहरण मी फळ्यावर मांडतो. एका बोल्टावर आठ नट आहेत, प्रत्येकावर वेगळी खूण. ते उतरवायचा क्रम एकच. पण चढवताना ते 40,320 क्रमांनी लागू शकतात, आणि त्यांतला एकच बरोबर. देखभालीचं काम बरंचसं असंच असतं. धडधाकट चालणारी वस्तू आधी उकलायची आणि मग तशीच पुन्हा जोडायची. उकलताना वस्तूच पुढचा रस्ता दाखवते. जोडताना रस्ता डोक्यात, कागदावर किंवा सोबत्याच्या तोंडात असावा लागतो. डोकं पेंगत असेल, कागद अपुरा असेल आणि सोबती घरी गेला असेल, तर उरतो फक्त अंदाज.

आता आपल्याकडचं. हे मी तुमच्याच कागदांतून सांगतो. जुलै 2022 मध्ये एकामागून एक विमानांत बिघाडाच्या बातम्या येत होत्या, तेव्हा महासंचालनालयानं अचानक तपासण्या केल्या. तेव्हा आढळलं की नोंदवलेल्या बिघाडाचं खरं कारण नीट शोधलं जात नाही. एमईएलच्या आधारे, म्हणजे काही दुरुस्त्या ठरावीक मुदतीपर्यंत पुढे ढकलून, विमानं सोडण्याचं प्रमाण वाढतंय. आणि थोड्या थोड्या वेळानं येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना पुरतील इतके सही करण्यास पात्र कर्मचारीच जागेवर नाहीत. मग आदेश निघाला की विमान सोडण्याचं काम बी1 किंवा बी2 लायसन्स असलेल्या अधिकृत अभियंत्यानंच करावं. चांगला आदेश होता.

त्यानंतर तीन वर्षांनी, जून 2025 मध्ये, दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर महासंचालनालयाच्या पथकांनी रात्री आणि पहाटे पाहणी केली. ही पाहणी अहमदाबादच्या अपघातानंतर झाली. त्या अपघाताशी इथल्या गोष्टींचा संबंध मी जोडत नाही, तो तपास वेगळा आहे. पण पाहणीत काय दिसलं? एकदा नोंदवलेला बिघाड त्याच विमानात पुन्हा पुन्हा उगवतोय. काम चालू असताना वर्क ऑर्डर पाळली जात नाही. एएमई आवश्यक ती खबरदारी घेत नाहीत. विमानाच्या यंत्रणेनं स्वतःहून दिलेले बिघाडाचे इशारे टेक-लॉगमध्ये, म्हणजे तांत्रिक नोंदवहीत, चढलेलेच नाहीत.

यांतलं एकही वाक्य वाचून मला एएमईंचा राग आला नाही. मला त्या वाक्यांमागची रात्र दिसते. चार विमानं उभी असतात. पहिलं साडेपाचला सोडायचं असतं. एकावर टायर बदलायचाय, दुसऱ्याचा जुना बिघाड परत आलाय. स्टोअरला भाग मागितला तर तो दुसऱ्या स्टेशनवर आहे असं कळतं. वॉकी-टॉकीवर दर दहा मिनिटांनी एकच विचारणा, ‘अजून किती वेळ?’ या विचारणेला ‘माहीत नाही, नीट बघून सांगतो’ असं उत्तर देणाऱ्या पोराच्या मागे कोण उभं राहतं? माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी भेटलो की हेच विचारतो. त्यांतले बरेच जण गप्प बसतात.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी हा प्रश्न आता आणखी जवळ आलाय. मुंबईत हँगर आधीपासून आहेतच. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगनं एअर इंडियासाठी उभारलेलं देखभाल केंद्र 2015 पासून चालू आहे. 2024 मध्ये विमानांच्या सुट्या भागांवर सरसकट 5 टक्के आयजीएसटी लागू झाला आणि देखभालीचा धंदा देशातच वाढावा हे धोरण स्पष्ट झालं. त्याचा मला आनंदच आहे. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या मुलाला घराजवळ कुशल काम मिळतंय. पण हँगर जितक्या झपाट्यानं वाढतील तितक्या झपाट्यानं अनुभवी माणूस तयार होत नाही. नव्या हाताला जुन्या हाताशेजारी काही वर्षं घालवावी लागतात. विमानांची ऑर्डर देताना त्याच कागदावर ‘इतके एएमई आणि इतके तंत्रज्ञ, इतक्या वर्षांत’ असा आकडा असायला हवा. तो आकडा लोकांना कधी कळत नाही. विमानांचा मात्र कळतो.

तुमच्याकडून मला काय हवंय ते आता स्पष्टच लिहितो. वैमानिकांच्या ड्यूटीच्या तासांवर देशभर चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. हँगरमध्ये आणि रॅम्पवर काम करणाऱ्यांच्या तासांवरही तशीच उघड चर्चा व्हावी. सलग किती तास, आठवड्यात किती रात्रपाळ्या, दोन पाळ्यांमध्ये किती विश्रांती, हे आकड्यांत लिहिलेलं असावं आणि ते मोडलं तर जबाब रोस्टर बनवणाऱ्यानं द्यावा. ‘मानवी मर्यादा लक्षात घेऊन नियोजन करावं’ या वाक्यानं कोणाचीही झोप भरून निघत नाही.

पाळी बदलण्यासाठी दोन्ही पाळ्यांचा वेळ एकमेकींवर चढवावा, आणि त्या वेळेचा पगार द्यावा. हँडओव्हर विमानाजवळ उभं राहून, टास्क कार्ड हातात घेऊन व्हावा. बसची वेळ झाली म्हणून रजिस्टरमध्ये दोन ओळी खरडून निघून जावं लागत असेल, तर ते कंपनीनं लादलेलं आहे. ईगल लेकची आठवण मी उगाच काढलेली नाही.

एकाच माणसानं एकाच रात्री सगळ्या इंजिनांवर तेच काम करू नये, ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. ती कशी माहीत झाली? मे 1983 मध्ये ईस्टर्न एअरलाइन्सच्या ट्रायस्टारच्या तिन्ही इंजिनांत ओ-रिंग लावायच्या राहिल्या आणि समुद्रावर तिन्ही इंजिनांतलं तेल गळून गेलं. विमान मायामीला कसंबसं परतलं. नियम कागदावर असतो, पण रात्री जागेवर दोनच माणसं असली तर तो पाळायचा कोणी? स्वतंत्र तपासणीची यादी कितीही लांब केलीत, तरी तपासायला दुसरा माणूस जागेवर नसेल तर त्या यादीवर एकाच माणसाच्या दोन सह्या होतील.

आणि चूक कबूल करणाऱ्याबद्दल. अमेरिकेत 1976 पासून वैमानिक, तंत्रज्ञ वगैरे आपल्या चुका नासाकडे कळवू शकतात. नासा लायसन्स देत नाही आणि काढूनही घेत नाही, म्हणून लोक कळवतात. आपल्याकडे ऐच्छिक अहवाल द्या असं सांगितलं जातं. पण ज्याच्या हाती माझं लायसन्स आहे त्यालाच मी लिहायचं, तर ते पत्र मी लिहीन का? रात्री तीनला एखाद्या मुलाला आठवलं, की मघाशी आपण पाना मोजून बोर्डावर परत लावला नाही, तर त्यानं घाबरून गप्प बसण्याऐवजी विमान थांबवायला धावलं पाहिजे. त्यासाठी त्याला आधीच माहीत हवं की थांबवल्याबद्दल त्याला काही होणार नाही. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला, खोटी सही करणाऱ्याला जरूर शिक्षा करा. पण प्रामाणिक चूक आणि जाणूनबुजून मोडलेला नियम यांतली रेषा लिहून काढा, हँगरमध्ये लावा, आणि तिच्यावर पहिली सही कंपनीच्या प्रमुखाची असू द्या.

शेवटची मागणी लहान आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. यापुढे देखभालीतल्या चुकीवर जो अहवाल निघेल, त्यात त्या पाळीचं रोस्टर छापा. नावं नकोत. किती माणसं ठरली होती, किती आली, किती विमानांवर काम होतं, प्रत्येकाचा तो कितवा तास आणि सलग कितवी रात्र, दुसऱ्या तपासणीला माणूस होता की नव्हता. आणि ते रोस्टर कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्यानं मंजूर केलं होतं, तेही त्याच पानावर छापा. पुढच्या सत्रापासून मी मुलांना तो अहवाल त्याच पानापासून वाचायला लावेन.

आपला,
निवृत्त विमान देखभाल अभियंता, मुंबई